स्टेपनीचे पाच नट

काउंटरच्या पलीकडे चार भाऊ उभे होते, चौघांना चार तऱ्हेची चाकं हवी होती आणि जीप एकच होती. मी हातात पेन धरून बसले होते. फॉर्मवर फक्त गिऱ्हाइकाचं नाव लिहून झालं होतं आणि तेही मी दोनदा खोडलं होतं, कारण प्रत्येक जण आपापलं नाव सांगत होता.

पनवेलला हायवेला लागून आमचं जीप दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. नव्वदच्या दशकाची सुरुवात. मी तिथे स्टोअर्स इनचार्ज होते. इनचार्ज म्हणजे काय, तर स्टोअरमध्ये मी एकटीच. मुळात मी टायपिस्ट म्हणून लागले होते. आधीचा स्टोअरकीपर दुबईला गेला आणि मालक साठे साहेबांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. "मोरे बाई, टायपिंग येतं म्हणजे पार्ट नंबर येतीलच," म्हणाले. पार्ट नंबर आले. माणसं मात्र मला शेवटपर्यंत नीट आली नाहीत.

त्या वर्षी साहेबांनी नवीन खूळ काढलं होतं. नुसती दुरुस्ती करून भागत नाही, शोचा माल पण ठेवायचा. म्हणजे चमकणारी चाकं, रुंद टायर, मडगार्डच्या पट्ट्या, जास्तीचे दिवे. त्याचं एक जाड कॅटलॉग माझ्याकडे दिलं होतं. त्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, आणि हे चार भाऊ म्हणजे त्या कॅटलॉगचं पहिलंच गिऱ्हाईक.

गाव त्यांचं पनवेलजवळच, खाडीच्या अंगाला. थोरले हरिभाऊ, पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. सगळ्यात धाकटा बाळाराम, तोंडाचा पट्टा चालू. मधल्या दोघांत वर्षाचंच अंतर होतं. सारखी मिशी, सारखे पांढरे टेरिलीनचे शर्ट. एकाला जे हवं असे ते दुसऱ्याला नको असे, पण कोणाला काय नको, हे मला कधीच लक्षात ठेवता आलं नाही.

बाळारामने मासिकातून फाडलेलं एक पान आणलं होतं. त्यावर वाळवंटातली कुठलीशी जीप होती, टायर एवढे रुंद की गाडी लहान दिसत होती. "मॅडम, डिट्टो अशी करा," तो म्हणाला.

"अरे, ती काय रोडरोलर हाय?" मधला एक म्हणाला.

"रुंदच बरी दिसतात," दुसरा मधला म्हणाला.

हरिभाऊंनी ते पान घडी करून बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "मॅडम, आमाला त्यातला काय समजत नाय. गाडी लांबून बघितली का कळला पायजे, कोणाची बहीण चालली. येत्या गुरुवारच्या आधी पायजे."

"कोणाची बहीण म्हणजे?"

"आमची. यमुना. तिला आणायला जायचंय."

मग त्यांनी सगळं सरळ सांगितलं, लपवण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटतच नव्हतं. सरकारने त्यांची भातशेती घेतली होती. बदल्यात प्लॉट मिळणार होता आणि त्यासाठी वडिलांच्या सगळ्या वारसांनी सह्या करायच्या होत्या. वडील आदल्या वर्षी वारले. वारस पाच, हे चौघे आणि उरणकडच्या गावात दिलेली बहीण. बहिणीने हक्कसोड दिलं की प्लॉट चौघांच्या नावावर होणार. सह्या घेणारे साहेब फक्त गुरुवारी बसत, तेही साडेचारला खिडकी बंद होईपर्यंत, आणि हा शेवटचा गुरुवार होता.

हक्कसोड म्हणजे 'माझा हिस्सा मी राजीखुशीने सोडते' असा कागद. आपल्याकडे बहिणी तो देतात. त्यांना मानाने घरी आणतात, साडी नेसवतात, गोडधोड करतात आणि मग ऑफिसात नेऊन सही घेतात. कोणी जबरदस्ती करत नाही. तशी वेळच येत नाही.

मी स्वतः दोन वर्षांपूर्वी महाडकडच्या आमच्या जमिनीचा असाच कागद दोन्ही भावांना करून दिला होता. साडी आमसुली रंगाची होती, काठ चांगले होते. त्यामुळे हरिभाऊंचं बोलणं ऐकून मला काही वावगं वाटलं नाही. माझा घोळ होता तो चाकांचा.

मी उस्मानभाईंना हाक मारली. उस्मानभाई आमचे हेड मेकॅनिक, पनवेलचेच. त्यांनी कॅटलॉग उलटंसुलटं करून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन शिकवणी दिली.

"मॅडम, तीन गोष्टी ध्यानात ठेवा, बाकी सब नखरा आहे. एक, बोल्ट. जीपच्या चाकाला पाच बोल्ट असतात, गोलात. त्या गोलाचं माप जुळलं पाहिजे, नाही तर चाक बसणारच नाही. दुसरं, डिस्कची रुंदी." डिस्क म्हणजे टायर ज्यावर चढतो ते लोखंडी चाक. "आणि तिसरं, डिस्क आत किती जाते, बाहेर किती येते. जास्त बाहेर आली तर टायर मडगार्डच्या बाहेर दिसणार. चिखल उडून थेट बसणाऱ्याच्या तोंडावर."

"मग रुंद घ्यायचीच कशाला?"

"दिसायला," उस्मानभाई म्हणाले. "चालायला जुनीच बेस्ट."

हे वाक्य मी बाहेर जाऊन चौघांना सांगायला हवं होतं. पण साहेब मागे उभे होते आणि शोचा माल खपवायचा होता.

पुढचे तीन दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पहिल्या दिवशी रुंद काळी डिस्क ठरली. दुसऱ्या दिवशी मधल्यांपैकी एक येऊन म्हणाला, काळी नको, काळं शुभकार्याला चालत नाही. मी खोडून पांढरी लिहिली. दुपारी दुसरा आला. पांढरी चिखलात काय राहणार, म्हणाला. मी त्याला पहिलाच समजून विचारलं, "अहो, सकाळी तुम्हीच तर सांगून गेलात." तो रागावला. मला आजपर्यंत कळलेलं नाही की नेमका कोण रागावला. संध्याकाळी बाळारामने फोनवरून चंदेरी अ‍ॅल्युमिनियमची डिस्क सांगितली, वर चमकणारे टोपीचे नट. फॉर्म एवढा खोडला गेला की कार्बनखालची प्रत वाचताच येईना.

मी फॉर्म घेऊन साठे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"बाई, गिऱ्हाईक एक असतं," साहेब म्हणाले. "ते कोण, ते आधी ठरवा. आरसी बुक कोणाच्या नावावर आहे?"

आरसी बुक म्हणजे गाडीच्या मालकीचं पुस्तक. मी ते आणलंच होतं. "त्यांच्या वडिलांच्या."

"मग वडिलांना बोलवा."

"ते वारले, साहेब."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "थोरल्याची सही घ्या आणि विषय संपवा."

मग हरिभाऊंना बोलावलं. चौघेही आले, एकट्याने यायची त्यांना सवयच नसावी. बराच वेळ घासाघीस होऊन चंदेरी अ‍ॅल्युमिनियमवर एकमत झालं. माल मुंबईहून मागवायचा होता. मी फॉर्म नवीन घेतला आणि शेवटचा प्रश्न विचारला.

"सेट चार चाकांचा येतो. पाचवं हवं असेल तर वेगळं मागवावं लागेल. स्टेपनीचं काय करायचं?"

स्टेपनी म्हणजे जीपच्या पाठीला लटकवलेलं जादा चाक. चौघेही एकमेकांकडे न बघता एकदम बोलले, "नको."

"स्टेपनीला कोण बघतंय," हरिभाऊ म्हणाले. "हाय ती हाय. वरून कवर घालू."

मी लिहिलं, एकूण चाकं चार. हरिभाऊंनी खाली सही केली. त्या अख्ख्या आठवड्यात भावांमध्ये दुमत नसलेली ही एकच गोष्ट होती आणि मला फार हायसं वाटलं.

माल मंगळवारी आला. उस्मानभाईंनी चाकं चढवली आणि ते म्हणाले तसंच झालं. चारही टायर मडगार्डच्या बाहेर चांगले चार बोटं दिसू लागले. आता मडगार्डला वरून फायबरची रुंद पट्टी लावणं भाग होतं. कॅटलॉगमध्ये तिला भलतंच नाव होतं. भाऊ तिला झालर म्हणत. झालर गाडीच्या हिरव्या रंगाची करायची की काळी ठेवायची, यावर पुन्हा बुधवारची दुपार गेली. एक मधला हिरवी म्हणाला, एक काळी म्हणाला. कोण काय म्हणाला ते विचारू नका. हरिभाऊंनी कंटाळून काळी सांगितली आणि काळ्याचं शुभाशुभ तोवर कोणाच्या लक्षातही राहिलं नव्हतं.

गाडी मात्र दिसायला खरंच झोकात झाली. वर्कशॉपमधली माणसं हातातली कामं टाकून बघायला आली. हरिभाऊंनी चारही चाकांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, मला खोबरं दिलं. स्टेपनीवर कव्हर होतं. तिला हळदकुंकू लावलेलं मला आठवत नाही.

निघताना उस्मानभाईंनी जुने काढलेले नट एका कापडी पिशवीत घालून माझ्याकडे दिले. "मॅडम, यातले पाच नट गाडीत टाकायला सांगा. भूलना नहीं. स्टेपनी जुन्या डिस्कची आहे, तिला नवे नट चालणार नाहीत." मी मान हलवली आणि पिशवी काउंटरखाली ठेवली. तेवढ्यात बाळारामने नट चमकवायला जुनं फडकं मागितलं, साहेबांनी बिलाची फाइल मागितली, आणि जीप हॉर्न वाजवत गेटबाहेर गेली.

गुरुवारी अकराच्या सुमारास फोन आला. बाळाराम होता, उरण रस्त्यावरच्या कुठल्या तरी नाक्यावरच्या पीसीओवरून बोलत होता.

"मॅडम, चाक बसत नाय."

"कुठलं चाक?"

"स्टेपनी. टायर फाटला म्हणून काढली. नट फिरवतोय फिरवतोय नि चाक हालतंच हाय. ताय गाडीत हाय आमची. उन्हात बसली हाय."

मी वाकून काउंटरखाली पाहिलं. पिशवी तिथेच होती. ती उचलून मी उस्मानभाईंकडे धावले.

उस्मानभाईंनी पिशवी बघितली, कपाळाला हात लावला आणि पिकअप काढायला गेले. मीही निघाले. साहेब म्हणाले, "बाई, नट द्यायला तुम्ही कशाला?"

"विसरले मी, साहेब. शिव्या खायला उस्मानभाईंना एकट्याला कसं पाठवू?"

वाटेत उस्मानभाईंनी समजावलं. अ‍ॅल्युमिनियमची डिस्क जाड असते आणि तिचे नट टोपीसारखे, एका बाजूने बंद. जुनी लोखंडी डिस्क पातळ. तिच्यातून बोल्ट जास्त बाहेर येतो आणि टोपीच्या तळाला जाऊन टेकतो. नट पूर्ण बसला असं वाटतं, पण डिस्क सैलच राहते. "वरून एकदम घट्ट," ते म्हणाले. "आतून कुछ नहीं."

बहिणीच्या गावाचा रस्ता मिठागरांमधून जात होता. दोन्हीकडे मिठाचे ढीग, मध्ये मातीचा बांध. बांधाला एके ठिकाणी उघाडी होती, म्हणजे भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून बसवलेलं दार. त्यावरून जायला दगडाची अरुंद वाट. जुन्या टायरवर जीप तिथून वर्षानुवर्षं ये-जा करत होती. आता टायर बाहेर आलेले, मागचा उजवा टायर दगडाच्या धारेला घासला आणि बाजूने हातभर चिरला. पंक्चर असतं तर नाक्यावर काढता आलं असतं. फाटलेल्याला स्टेपनीशिवाय इलाज नव्हता.

जीप जॅकवर तिरकी उभी होती. चार भाऊ चार दिशांना तोंड करून उभे होते. बाळारामचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. बांधाच्या कडेला गोणपाट टाकून एक बाई बसली होती. पंचेचाळिशीची असेल, कपाळाला ठसठशीत कुंकू, हाताच्या तळव्यांना मिठाने पडलेल्या भेगा. मांडीवर साडीचा खोका आणि त्यावर नारळ. मी सरळ तिच्याकडेच गेले.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "जुने नट द्यायचे राहिले माझ्याकडून."

"तूच काय ती चाकांची बाय?" तिने मला खालून वर बघितलं आणि गोणपाटावर जागा केली. "बस. उन्हात उभी नको राऊ."

मी शिव्या खायची तयारी करून आले होते. असं कोणी बस म्हटलं की काय करायचं, हे मला सुचेना. मी बसले.

उस्मानभाई कामाला लागले. चमकणारे नट काढून त्यांनी बाळारामच्या हातात दिले, जुना नट बोल्टवर चढवला. यमुनाबाई ते बघत होत्या. मग माझ्याकडे न वळताच त्यांनी विचारलं, "ही चार चाकं एकसारखी नि ही एकच जुनी कशी गं?"

"ऑर्डर चारचीच होती."

"गाडीला चाकं किती असतात?"

"पाच."

"मंग?"

मी हरिभाऊंकडे बघितलं. ते पुढे आले. "अगं यमू, स्टेपनी मागं असते. तिला कोण बघतंय?"

"मी बघतंय ना," त्या म्हणाल्या. "दोन तास झालं तिलाच बघतंय."

आवाज चढलेला नव्हता. मिठागरावर काम करणारी माणसं मोठ्याने बोलतात, ह्या तर अगदी हळू बोलल्या. तरी मधले दोघे एकाच वेळी खाली बघू लागले, आणि त्या एका क्षणी त्या दोघांतला कोण कोणता आहे याने मलाही काही फरक पडला नाही.

"इचारला नव्हता काय कोणी, पाचवी पायजे का म्हणून?" त्यांनी पुन्हा मलाच विचारलं.

"मी विचारलं होतं."

"नि?"

मी काय बोलणार? सही केलेला फॉर्म वर्कशॉपमध्ये फाइलला होता. चाकं चार, हे माझ्याच अक्षरात होतं. मी गप्प बसले. आज वाटतं, गप्प बसून मी सगळंच सांगितलं.

यमुनाबाई थोडा वेळ नारळाची शेंडी चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "गाडी कोणाच्या नावावर हाय गं? तुला म्हाईत असल."

हे मला माहीत होतं, त्यामुळे मी चटकन बोलून गेले. "तुमच्या वडिलांच्या."

"अजून बाबाच्याच?"

"हो."

"म्हणजे थोडी माझी पण हाय."

उस्मानभाईंचा पाना तेवढा कर्रकर्र वाजत होता. पाचवा नट आवळून झाल्यावर त्यांनी चाकाला लाथ घालून पाहिलं आणि जॅक खाली केला. जीप चाकांवर आली आणि एका कोपऱ्यात कलली. रुंद चकाकणारी तीन चाकं, आणि त्या काळ्या झालरीखाली एक बारीक, गंजकं चाक. वरातीतल्या माणसाच्या एका पायात फाटकी चप्पल असावी तसं दिसत होतं ते.

बाळाराम म्हणाला, "ताय, मागं बस आरामात."

"पुढं बसतंय," यमुनाबाई म्हणाल्या. हरिभाऊ पुढे बसायला निघाले होते, ते मागे गेले. चढताना त्या माझ्याकडे वळल्या. "येतंय गं बाय. सही करायची हाय ना, उशीर नको."

म्हणजे काय करणार होत्या त्या? वाटभर मी उस्मानभाईंना विचारत राहिले. सही करायची आहे म्हणाल्या, म्हणजे सोडणारच ना? मग ते गाडी माझी पण आहे, ते कशाला? उस्मानभाई म्हणाले, "मॅडम, मी नट बसवले. मला एवढंच माहीत." कळंबोलीच्या फाट्यावर लोखंडाच्या ट्रकांत आम्ही अर्धा तास अडकलो आणि मला सारखं वाटत होतं, साडेचारची खिडकी त्यांना मिळाली असेल की नाही. आणि मिळू नये असंही कुठेतरी वाटत होतं. हे का वाटतं, ते मला धड कळत नव्हतं.

दोन आठवड्यांनी हरिभाऊ आले. पहिल्यांदाच एकटे. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "मॅडम, एक डिस्क पायजे. तशीच. नि टायर दोन, एक फाटला त्याचा, एक पाचवीचा."

मी फॉर्म काढला. पण लिहायला घेतला नाही. "त्या दिवशी काय झालं?"

ते स्टुलावर बसले. "काय होणार? पोचलो येळेवर. साहेबांनी हक्कसोडचा कागद पुढं केला. यमू बोलली, हा नको, पाच नावांचा असतो तो द्या. साहेबांनी दिला. तिनं सही केली. मंग आमी केली."

"तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलणार? रातभर झोप नाय आली. राग आला, खोटा कशाला बोलू? बाळाराम तर अजून फुगून हाय. त्याला तिनंच कडेवर वाढवला." हरिभाऊंनी काउंटरवरचा एक नट उचलून बोटांत फिरवला. "पण मॅडम, आमी तिला इचारलाच नव्हता. साडी आणली, नारळ आणला, गाडी सजवली, सगळा केला. इचारला असता तर तिनं सोडला पण असता."

"असं त्या म्हणाल्या?"

"नाय. असा मी म्हणतो. खरा काय ते तिलाच ठावं."

मग मी एक प्रश्न विचारला, जो विचारायचं मला काही कारण नव्हतं. "साडी ठेवली का हो त्यांनी?"

हरिभाऊंना प्रश्नच कळला नाही. "साडी? नेसूनच जेवायला बसली रात्री. साडी भावाची हाय, तिचा प्लॉटशी काय संबंध?"

मी मान खाली घालून फॉर्म भरू लागले. मला भरून आलं होतं आणि ते गिऱ्हाइकासमोर दिसू नये एवढीच धडपड होती. मी दोन वर्षं धरून चालले होते की माहेर ठेवायचं तर हिस्सा सोडायचा. दोन्ही एकदम मिळत नाही, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं. आणि इथे एक बाई हिस्सा लिहून घेऊन, भावाची साडी नेसून, भावाच्या घरी जेवत होती.

पाचवी डिस्क आली. उस्मानभाईंनी ती जीपच्या पाठीला लावली आणि कव्हर न घालताच गाडी दिली. हरिभाऊंनी कव्हर मागितलंही नाही.

त्या दिवाळीत भाऊबीजेला माझा धाकटा भाऊ आला. ओवाळून झालं, फराळाची ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि मी त्याला विचारलं, "तो कागद केला तेव्हा तुम्ही दोघांनी मला विचारलं होतं का रे?"

तो चकली मोडत होता. थांबला. "का? तू नाही म्हणाली असतीस?"

साधा प्रश्न होता. हो म्हणावं तर तेव्हा मी हसत सही केली होती, सगळ्यांनी पाहिलं होतं. नाही म्हणावं तर मग हा प्रश्न मी विचारलाच कशाला? माझं उत्तर मलाच माहीत नव्हतं, कारण ते द्यायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. राग आला, पण तो त्याचा होता की माझा स्वतःचा, तेही कळेना. मी त्याला आणखी एक करंजी वाढली. ते उत्तर मला आज निवृत्त होऊन कामोठ्यात बसल्यावरही सापडलेलं नाही.

नोकरीत मात्र मी त्यानंतर एक शिस्त लावून घेतली आणि शेवटच्या दिवसापर्यंत पाळली. काढलेले जुने नट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे, काउंटरखाली ठेवायचे नाहीत. आणि फॉर्मवर चाकं लिहिताना स्टेपनी धरून पाच लिहायची. कोणाला चार हवी असतील तर त्याने आपल्या हाताने पाच खोडावं, चार लिहावं आणि शेजारी सही करावी.